पिकअपचा इंजिन लाइट पुन्हा पुन्हा लागतोय? कोड उडवण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

इंजिनचा पिवळा लाइट लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावून कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा नंबर) उडवतो, लाइट जातो. आठवडाभरात पुन्हा लागतो. मग एखादा सेन्सर बदलला जातो, थोडे दिवस बरे जातात आणि लाइट परत येतो. पहिल्याच पायरीला कोड उडवला की बिघाडाचा सगळा पुरावा पुसला जातो आणि पुढचं काम अंदाजपंचे चालतं, म्हणून हे चक्र थांबत नाही. पैसे सेन्सरवर जातात आणि दोष मात्र फाटलेल्या होजमध्ये (रबरी पाइपात), गंजलेल्या अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हच्या जोडणीत) किंवा पाणी शिरलेल्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) तसाच राहतो.

हा लेख कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या (एका समाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या), मुख्यतः बीएस-४ काळातल्या (बीएस म्हणजे धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा) पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, झेनॉन, योद्धा, डी-मॅक्स अशा गाड्या. त्याआधीच्या साध्या पंपाच्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही. बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो आणि त्याचे कोड वेगळे, पण पहिले पाच टप्पे तिथेही हेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. कोड म्हणजे खराब भागाचं नाव नव्हे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, फक्त एवढंच सांगतो की अमुक आकडा अपेक्षेप्रमाणे मिळाला नाही. 'ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) प्रवाह कमी' असा कोड आला म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह खराब असेलच असं नाही. त्याला व्हॅक्यूम देणारा रबरी पाइप तडकला असला तरी हाच कोड येतो.

तयारी

ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारं उपकरण, लागेलच. ब्लूटूथचा ईएलएम-३२७ प्रकारचा छोटा रीडर आणि फोनवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर'सारखं अॅप घरच्या तपासणीला पुरतं. बाजारातल्या स्वस्त नकला बऱ्याचदा जुन्या ईसीयूशी जोडल्याच जात नाहीत, तेव्हा आपल्या गाडीवर लावून बघूनच घ्या. साध्या अॅपमध्ये रेल प्रेशरसारखे (रेलमधल्या डिझेलच्या दाबाचे) आकडे दिसले नाहीत, तर तेवढ्यापुरता गॅरेजचा मल्टिब्रँड स्कॅनर लागेल.

याशिवाय डिजिटल मल्टीमीटर, चांगला टॉर्च, छोटा आरसा, कॉन्टॅक्ट क्लीनर, पॉलिश पेपर, दोन-चार होज क्लॅम्प आणि एक वही. वहीला मी रीडरइतकंच महत्त्व देतो. तिच्यात आधी हे लिहा: लाइट लागला तेव्हा गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता की सपाट रस्ता, इंजिन थंड होतं की गरम, त्याआधी डिझेल कुठे भरलं, गाडी धुतली होती का, महिनाभरात कुठलं काम करून घेतलं.

गाडी तुम्ही स्वतः चालवत नसाल तर ही माहिती ड्रायव्हरकडे आहे. त्याला शांतपणे विचारा. दोष आपल्यावर येईल या भीतीने ड्रायव्हर 'काय माहीत, अचानक लागला' म्हणून मोकळा होतो, आणि नेमकी कामाची गोष्ट राहून जाते. 'काल वॉशिंगला नेली होती' या एका वाक्याने निम्मं काम होतं.

टप्पा १: गाडी चालवायची की थांबवायची, ते ठरवा

पिवळा इंजिन लाइट आणि लाल ऑइल लाइट यात गल्लत करू नका. ऑइलचा लाल लाइट लागला किंवा टेम्परेचरचा काटा वर गेला तर इंजिन लगेच बंद करायचं. पिवळा लाइट स्थिर असेल, गाडी नीट ओढत असेल, आवाज आणि धूर नेहमीसारखा असेल, तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. पण काळा किंवा पांढरा धूर, इंजिनाचा ठोका, बोनेटखालून डिझेलचा वास यातलं काहीही असेल तर पुढे जाऊ नका.

गाडी ठरावीक वेगापुढे सरकतच नसेल तर ईसीयूने तिला लिंप मोडमध्ये, म्हणजे बचावासाठी ताकद कमी केलेल्या अवस्थेत, टाकलं आहे. तशात माल भरून घाट चढायचा नाही.

तपासून बघा: चावी ऑन करा, स्टार्ट करू नका. इंजिन लाइट लागला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर गेला पाहिजे. चावी ऑन केल्यावर तो लागतच नसेल तर बल्ब गेलेला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे. सेकंडहँड पिकअप घेताना ही तपासणी चुकवू नका.

टप्पा २: कोड उतरवून घ्या, उडवू नका

रीडरचा १६ पिनांचा सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली असतो. रीडरला करंटच मिळत नसेल तर आधी फ्यूज बघा. १६ नंबरच्या पिनवर १२ व्होल्ट यायला हवेत, ४ आणि ५ नंबरला अर्थ. जुन्या गाडीत अनेकदा लायटरचा फ्यूज आणि हा फ्यूज एकच असतो आणि चार्जरच्या शॉर्टने तो उडालेला असतो.

आता तीन गोष्टी टिपा आणि स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.

पहिली, कायम झालेले कोड. एकापेक्षा जास्त असतील तर सगळे, दिसतात त्याच क्रमाने.

दुसरी, पेंडिंग कोड. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) दिसल्याशिवाय लाइट लागत नाही. पहिल्या फेरीत ते पेंडिंग म्हणून नोंदले जातात. लाइट नसतानाही ही यादी बघण्यासारखी असते.

तिसरी, फ्रीझ फ्रेम. लोक इथेच चुकतात. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे मिनिटाला फेरे (आरपीएम) किती, गाडीचा वेग किती, लोड किती, पाण्याचं तापमान किती, हे सगळं ईसीयूने जपून ठेवलेलं असतं. कोड उडवला की हेही जातं.

फ्रीझ फ्रेम वाचायला अवघड नाही. वेग शून्य आणि फेरे दोन-तीनशे असतील तर कोड सेल मारताना (स्टार्टर फिरवताना) लागला आहे, म्हणजे संशय बॅटरी, अर्थ किंवा स्टार्ट होतानाच्या डिझेल प्रेशरवर. वेग ३५, फेरे अडीच हजार, लोड ९० टक्क्यांच्या वर असेल तर गाडी भरून चढावर होती, तेव्हा हवेचे पाइप आणि डिझेलचा पुरवठा आधी बघायचा. तापमान २८ अंश असेल तर इंजिन थंड होतं. एवढ्यावरच पुढची दिशा ठरते.

सावधान: गॅरेजमध्ये स्कॅनर लावायच्या आधीच सांगा, 'कोड आणि फ्रीझ फ्रेम दाखवा, फोटो घेऊ द्या, मग बघू.' बॅटरीचं टर्मिनल काढून लाइट घालवणं हाही कोड उडवण्याचाच प्रकार आहे. त्याने दुरुस्ती काहीच होत नाही, उलट ईसीयूने शिकून ठेवलेले आकडेही जाऊ शकतात.

टप्पा ३: बॅटरी, चार्जिंग आणि अर्थ

एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड दिसत असतील, किंवा दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर सेन्सरचा विचार सोडा आणि इथून सुरुवात करा. बरेचसे सेन्सर ५ व्होल्टवर काम करतात आणि त्यांचे आकडे अर्थच्या भरवशावर असतात. अर्थ कच्चा असला की चांगला सेन्सरही खोटं सांगतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल मारताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला आहे आणि तो ईसीयूलाही धोका आहे.

आता अर्थ. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, वरच्या क्लॅम्पवर नको. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कोणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थची पट्टी सोडा, दोन्ही टोकं आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि पुन्हा घट्ट बसवा. मग हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून हीच तपासणी चासीवर करा.

कोकणपट्टीत मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये हा टप्पा दुप्पट काळजीने करावा लागतो. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्यातून झिरपत चासीवर येतं आणि अर्थच्या बोल्टखाली जाऊन बसतं. वरून बोल्ट घट्ट दिसतो. सोडला की वॉशरखाली हिरवट-पांढरी पूड निघते. ती डोळ्याने दिसेपर्यंत कोणाचा विश्वास बसत नाही.

सावधान: हौद्याला किंवा चासीला वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, आणि शक्य असेल तर ईसीयूचे कपलरही. वेल्डिंगनंतर लाइट लागायला लागला असेल तर ती नोंद वहीत सगळ्यात वर असू द्या.

टप्पा ४: डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी

इंजिन थंड असताना बोनेट उघडा आणि अर्धा तास द्या. घाई नको.

वायरिंग. हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथे ब्रॅकेटला घासतो, जिथे एक्झॉस्टजवळून जातो, जिथे इंजिनावरून बॉडीवर येतो, त्या जागा बघा. ऊसपट्ट्यात आणि धान्याच्या गोदामांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात. लेंड्या आणि कापसाचे तुकडे दिसले तर वायरिंगची टेप सोडूनच बघावी लागेल. वरून इन्सुलेशन शाबूत आणि आत तांब्याची तार तुटलेली, असंही होतं. वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणून बघा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते.

कपलर. लॉक तुटलेले कपलर सुतळीने किंवा टेपने बांधलेले असतात. असे आधी सोडा. आत ओल, तेल, हिरवा गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या आणि पिना सरळ आहेत का बघा. मल्टीमीटरची जाड सुई कपलरच्या तोंडातून आत खुपसू नका. पिन पसरते आणि नवाच दोष तयार होतो. मागच्या बाजूने, वायरीच्या शेजारून बारीक टाचणी सारून मोजमाप घ्या.

सावधान: सेन्सर आणि ईसीयूच्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीयूतला भाग जळू शकतो. वायरमन कितीही अनुभवी असला तरी हे त्याला स्पष्ट सांगा.

बाहेरून केलेली जोडकामं. एलईडी बार, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स हॉर्न, जीपीएस, स्पीड गव्हर्नर यांचा करंट कुठून घेतला आहे ते शोधा. स्पीड गव्हर्नरचं कनेक्शन ॲक्सिलरेटर पेडलच्या वायरींत केलेलं असेल आणि पी-२१३८ सारखा पेडलचा कोड येत असेल, तर पेडल विकत घेण्याआधी तो जोड उघडून बघा. नुसती पिळून टेप मारलेली वायर पावसाळ्यात दगा देतेच.

हवेचा मार्ग. एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक होज हाताने चाचपा. खालची बाजू आरशात बघा, फट बहुतेक तिथेच असते. होजवर तेलकट धुळीचा काळा पट्टा दिसला तर तिथून हवा बाहेर येते. थोडंसं तेलकट असणं नेहमीचं आहे, पण एकाच जागी जमलेला ओला डाग म्हणजे गळती.

एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा बसतात का, फिल्टरची रबरी कड सगळीकडून टेकते का, तेही बघा. कमी मापाचा फिल्टर आत हलतो आणि धूळ सरळ एअर फ्लो सेन्सरवर जाते.

टप्पा ५: चालू आकडे वाचा

आता रीडरवर लाइव्ह डेटा उघडा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चावी ऑन करून इंजिन बंद ठेवायचं. या अवस्थेतच निम्मे सेन्सर तपासून होतात.

पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान हे दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके असायला हवेत. एक २६ आणि दुसरा ५५ दाखवत असेल तर दुसऱ्यात गडबड आहे. उणे ४० अंश दिसलं तर वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. थंड इंजिनात १३०-१४० अंश दिसलं तर वायर अर्थला लागली आहे. दोन्ही वेळा सेन्सर निर्दोष असू शकतो. काही ईसीयू दोष सापडल्यावर खऱ्या आकड्याच्या जागी ठरावीक आकडा दाखवतात. म्हणून कपलर काढून, लावून आकडा बदलतो का तेही बघा.

मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातल्या दाबाचा) आकडा इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा. रत्नागिरीत, समुद्रकाठी, तो साधारण १०१ किलोपास्कल असेल. पुण्यात किंवा कोल्हापुरात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरात ८६-८७. कोल्हापुरात उभी गाडी ११५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर चुकते आहे. टर्बोला दोष देण्याआधी एवढं बघून घ्याच.

नंतर इंजिन चालू करा. आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) रेल प्रेशर साधारण २५० ते ३५० बार असतं. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, पण ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला हे दोन आकडे एकमेकांजवळ राहिले पाहिजेत. रेस दिल्यावर मागितलेला वर जातो आणि मिळालेला मागे रेंगाळतो, असं दिसलं तर डिझेलचा पुरवठा कमी पडतो आहे.

तपासून बघा: लाइव्ह डेटा चालू ठेवून हार्नेस आणि कपलर एकेक करून हलवा. कुठलाही आकडा उडी मारतो ती जागा खुणेने बांधून ठेवा. अधूनमधून येणारा दोष पकडायला याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

टप्पा ६: कोडनुसार शोध

इथपर्यंत दोष सापडला नसेल तरच या टप्प्यावर या.

*टर्बोचा दाब कमी, पी-०२९९*

हा कोड बहुतेक वेळा चढावर, माल भरलेला असताना येतो. रत्नागिरीहून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारी गाडी घ्या. सपाटीवर काही नाही, घाटात तिसऱ्या गिअरला लाइट लागतो, ओढ जाते. वर पोचून चावी बंद-चालू केली की गाडी पुन्हा नीट चालते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष दिसतच नाही, कारण इंटरकूलरच्या होजला खालून पडलेली फट टर्बोचा दाब वाढल्यावरच उघडते. होज सोडून, हाताने वाकवून बघितला की चीर दिसते. बदलायला होज लागतो, टर्बो नाही.

म्हणून क्रम असा: आधी होज आणि क्लॅम्प, मग इंटरकूलर फुटला आहे का, मग टर्बोच्या ॲक्च्युएटरला (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) जाणारे व्हॅक्यूमचे किंवा दाबाचे बारीक पाइप, मग त्यांना नियंत्रित करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह), मग ॲक्च्युएटरचा दांडा अडकतो का. टर्बो सगळ्यात शेवटी.

*ईजीआरचा प्रवाह कमी, पी-०४०१*

काजळीने मार्ग बुजणं हे नेहमीचं कारण. व्हॉल्व्ह काढून स्वच्छ केला तरी लाइट परत आला, तर मॅनिफोल्डमधला मार्गही उघडून बघा. तिथे काजळी दगडासारखी जमलेली असते आणि नुसता व्हॉल्व्ह धुऊन काही होत नाही. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या. आयडलिंगला इंजिनाचा आवाज बदलला, ते किंचित अडखळलं, तर व्हॉल्व्ह आणि मार्ग दोन्ही ठीक आहेत. मग दोष पाइप किंवा सोलेनॉइडचा.

ईजीआरमध्ये पत्र्याची पट्टी घालून तो कायमचा बंद करणं हा अनेक गॅरेजांचा आवडता उपाय आहे. करू नका. ते नियमात बसत नाही, आणि ईजीआर उघडण्याचा हुकूम दिल्यावर येणारी ताजी हवा कमी झाली पाहिजे असा ईसीयूचा हिशोब असतो. पट्टीमुळे ती कमी होत नाही, आणि कोड पुन्हा पुन्हा येत राहतो. सेकंडहँड गाडीत हा कोड जातच नसेल तर आधी ही पट्टी शोधा.

*एअर फ्लो सेन्सर, पी-०१०१ किंवा पी-०१०२*

पी-०१०२ म्हणजे सर्किटचा दोष, तेव्हा वायर आणि कपलर आधी. पी-०१०१ म्हणजे आकडा पटत नाही, तेव्हा फिल्टर, हवेची गळती आणि सेन्सरवरची घाण. सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने साफ करा. पेट्रोल, कार्बोरेटर क्लीनर, ब्रश, कापडाचा बोळा, कॉम्प्रेसरची हवा यातलं काहीही नको. आतली तार केसाएवढी नाजूक असते.

*डिझेलचा दाब कमी, पी-००८७*

सगळ्यात महाग चुका या कोडवर होतात. थेट पंप किंवा चारही इंजेक्टर काढले जातात. तसं करण्याआधी पुढचा क्रम पाळा.

१. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. पिंपातून, कॅनमधून भरलेल्या डिझेलमध्ये आणि पावसाळ्यात हे हमखास सापडतं.

२. फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला, खात्रीचा घ्या, आणि हातपंपाने हवा पूर्ण काढा.

३. डिझेल टाकीचं झाकण सैल ठेवून गाडी चालवून बघा. फरक पडला तर टाकीला हवा मिळत नाही.

४. फिल्टर ते पंप या मार्गात तात्पुरता पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे सलग दिसत असतील तर कुठून तरी हवा पकडली जाते आहे. जुन्या गाडीत टाकीजवळचे रबरी तुकडे आणि त्यांचे क्लॅम्प हे नेहमीचे ठिकाण.

५. टाकीतली जाळी गाळाने भरली आहे का.

६. इंजेक्टरचा रिटर्न मोजा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या पारदर्शक बाटल्या जोडून, गाडीचा मूळ रिटर्न पाइप बंद करून, गरम इंजिन काही मिनिटं आयडलिंगला चालवायचं. तिघांत बोटभर आणि एकात बाटलीभर डिझेल आलं तर दोष त्या एकाचा, चारही बदलायची गरज नाही. हे काम कॉमन रेल जाणणाऱ्या डिझेल वर्कशॉपमध्ये करून घेणं उत्तम.

७. एवढं झाल्यावर प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह, रेल सेन्सर आणि शेवटी पंप.

सावधान, आणि हे जिवाशी संबंधित आहे: जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचा नट सैल करायचा आणि कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायचं, ही रीत होती. कॉमन रेलवर ती कधीही वापरू नका. लोडवर तिथे हजार बारच्या कितीतरी वर दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, फारसं दुखतही नाही, पण आतला भाग मरायला लागतो आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालंच तर मलम लावून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पाइपवरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत काही मिनिटं थांबूनच पाइपला पाना लावा, आणि उघडलेली तोंडं स्वच्छ टोप्यांनी झाका.

*इतर*

क्रँक आणि कॅम सेन्सरच्या कोडमध्ये, म्हणजे पी-०३३५ आणि पी-०३४० मध्ये, गरम झाल्यावर गाडी अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, असं असेल तर सेन्सरवर संशय रास्त आहे. बाकी वेळा वायरिंग. क्लच किंवा ब्रेक स्विचचा कोड असेल तर लाइव्ह डेटात पेडल दाबून स्थिती बदलते का बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पी-०३८० हा ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा प्लग) सर्किटचा, फ्यूज आणि रिलेपासून सुरू करा.

टप्पा ७: एका वेळी एकच दुरुस्ती

फिल्टर, सेन्सर आणि होज एकाच दिवशी बदलले आणि लाइट गेला, तर कशाने गेला ते कळत नाही. परत आला तर पुन्हा शून्यापासून. म्हणून एक काम, एक नोंद, मग चाचणी.

सेन्सर बदलायची वेळ आलीच तर जुना फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा. नवा बसवून काहीच फरक पडला नाही तर जुना चांगला होता, तो पुढे उपयोगी पडतो. दुसऱ्या सारख्या गाडीचा सेन्सर काही वेळ लावून बघता आला तर खरेदीआधीच उत्तर मिळतं. वायर जोडायची असेल तर पिळून टेप नको, सोल्डर किंवा चांगला क्रिम्प आणि वर हीट श्रिंक नळी.

टप्पा ८: आता कोड उडवा आणि त्याच रस्त्याने जा

दुरुस्तीनंतरच कोड उडवायचा. मग गाडी फ्रीझ फ्रेममध्ये होती तशाच परिस्थितीत न्यायची. लाइट भरलेल्या गाडीत चढावर लागत होता तर रिकामी गाडी गावात फिरवून काही सिद्ध होत नाही. थंड इंजिनात लागत होता तर रात्रभर उभी ठेवून सकाळी बघा.

प्रत्येक फेरीनंतर रीडर लावून पेंडिंग कोड वाचा. लाइट लागायची वाट बघू नका. तोच कोड पेंडिंगमध्ये आला तर दोष शिल्लक आहे, आणि नवी फ्रीझ फ्रेम मिळाली असेल तर ती जुनीशी ताडून बघा. वेगळा कोड आला तर दुरुस्ती करताना कुठला कपलर नीट बसला नाही का, ते पहिलं.

कोड न उडवताही, दोष खरोखर गेला असेल तर साधारण सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर लाइट आपोआप विझतो. नोंद मात्र त्यानंतर इंजिन जवळपास चाळीस वेळा थंडपासून गरम होईपर्यंत राहते, म्हणून लाइट नसताना यादीत जुना कोड दिसला तर घाबरू नका.

तपासणी संपली की रीडर काढून ठेवा. सॉकेटला कायमचा करंट असतो, आणि लावून ठेवलेला रीडर चार-पाच दिवस उभ्या गाडीची जुनी बॅटरी उतरवतो.

सलग दोन फेऱ्यांत, त्याच लोडवर, पेंडिंग यादी रिकामी राहिली की वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते लिहा. ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या वेळी गाडी कुठल्याही गॅरेजला गेली तरी मिस्त्रीच्या हातात आधी ती द्या, मग स्कॅनर.